ऑनर्सच्या बाई

कोणताही कागद हातात आला की बाई तो आधी उलटा करायच्या. पुढे काय लिहिलंय याची त्यांना घाई नसे. मागची बाजू बोटाने चाचपायची, खिडकीकडे धरून उजेडात पाहायची, मग सावकाश सुलटा करायचा, चष्मा नाकावर वर सरकवायचा आणि समोरच्याला विचारायचं, "कशावरून?"

माझी त्यांची ओळखही याच शब्दाने झाली. मस्कतला अल् खुवैरमधल्या एका खासगी कॉलेजात, रजिस्ट्रारच्या कचेरीत मी नोकरीसाठी गेले होते. पुण्याहून येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं बसली होती. त्यांतल्या कडेच्या बाईंनी, डोक्यावरून घेतलेली ओढणी हनुवटीखाली टाचणीने पक्की केलेली, माझं पदवीचं प्रमाणपत्र उचललं आणि उलटं केलं. आखातात नोकरी करणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. प्रमाणपत्र खरं आहे असं सांगणारे सगळे सरकारी शिक्के मागेच असतात. पण बाईंचं शिक्क्यांवर समाधान झालं नाही. त्यांनी एकदम मराठीत विचारलं, "नाव तुझं, शिक्के बरोबर. पण ही पदवी तूच मिळवलीस, हे कशावरून?"

मी चक्रावले. एक तर मराठी अपेक्षित नव्हतं, आणि या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यायचं?

"कशात नापास झाली होतीस?"

"स्टॅटिस्टिक्समध्ये. दुसऱ्या वर्षी."

"मग तुझीच," असं म्हणून त्यांनी कागद शेजाऱ्याकडे सरकवला. नोकरी मिळाली.

बाई मूळच्या श्रीवर्धनच्या बाजूच्या, कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. ओमानात त्यांना वीसेक वर्षं झाली होती. आमच्याकडे त्या गणित आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायच्या. मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम इथे पंचवीस आहेत. तू बाई म्हण. शाळेत आम्ही बाईच म्हणायचो." त्या मला 'तू' म्हणत, आणि बऱ्या मूडमध्ये असल्या की 'गो'. त्यांचं लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याला त्या उलट विचारत, "तुला कशाला हवंय?" त्यामुळे कचेरीत त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोललं जाई. जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो त्याच्यावर सगळे संशय घेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमचं कॉलेज म्हणजे काही मोठं विद्यापीठ नव्हे. बारावीला कमी गुण पडलेली, घरच्या अडचणींनी मागे राहिलेली, नोकरी सांभाळून शिकणारी ओमानी मुलंमुली आमच्याकडे येत. सुरुवातीला पायाभूत वर्ग, मग दोन वर्षांचा डिप्लोमा, मग जमेल तिथे नोकरी. त्यांतल्या ज्यांना आणखी पुढे जायची खरी उमेद असेल त्यांच्यासाठी कॉलेजने 'ऑनर्स' नावाची योजना काढली होती. जागा फक्त बारा. त्यांना वेगळा वर्ग, वेगळं वाचन, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलेला एक प्रकल्प. ऑनर्स पुरं केलं की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा. त्या बारांत नाव यावं म्हणून मुलं धडपडत. आणि ते नाव लिहिणं, न लिहिणं बाईंच्या हातात होतं.

अर्जासोबत एक पत्र लागायचं: मला ऑनर्स का करायचंय? अलीकडे ही पत्रं यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे. एका वर्षी बाईंनी अशी दहा पत्रं माझ्या टेबलावर ओळीने मांडली. "बघ गो. दहा मुलं, दहा गावं, आणि सगळ्यांना लहानपणापासून ज्ञानाची एकच तहान. कशावरून?" सगळी पत्रं त्यांनी खणात टाकली आणि मुलांना एकेक करून बोलावलं. प्रश्न एकच विचारला. "गेल्या आठवड्यात, कोणी सांगितलेलं नसताना, तू काय केलंस?"

एकाने सांगितलं, रोज चार तास वाचतो. बाईंनी विचारलं, काल काय वाचलंस? त्यानं पुस्तकाचं नाव सांगितलं. शेवटी ज्या पानावर थांबलास त्यावर काय होतं? मुलगा घामाघूम. दुसरा इब्रीहून आलेला, बुजरा. त्याला इंग्रजी नीट येईना. तो म्हणाला, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप बिघडला होता, उघडून पाहिला, पण दुरुस्त झाला नाही. "का नाही झाला?" बाई पुढे सरकल्या. मग तो वीस मिनिटं बोलत राहिला, अर्धं अरबीत, अर्धं हातवाऱ्यांनी. त्याला घेतलं.

"पंप दुरुस्त झाला असं म्हणाला असता तर?" मी नंतर विचारलं.

"तर पंप बघायला गेले असते."

मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं. त्या खरंच गेल्या असत्या, हे मला पुढे कळलं.

त्या वर्षीच्या बारांमध्ये शम्सा नावाची मुलगी होती. सूरची. सूर म्हणजे मस्कतपासून गाडीने अडीच तासांवरचं समुद्रकाठचं गाव, लाकडी गलबतं बांधण्यासाठी नावाजलेलं. शम्सा मस्कतला मुलींच्या हॉस्टेलात राहायची आणि गुरुवारी बसने घरी जायची; ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी पुन्हा कॉलेज. बोलायला चुणचुणीत, इंग्रजी उत्तम. तिने प्रकल्प घेतला तो गलबतांचाच. सूरचे जुने सुतार कागदावर काही न काढता, नुसत्या नजरेने गलबत बांधत. शम्साने त्या गलबतांच्या सांगाड्यातल्या फासळ्यांची मापं घेऊन नकाशे तयार केले होते. हाताने, पेन्सिलीने काढलेले चौदा मोठे कागद. आम्ही कचेरीतल्या बायका कामं टाकून बघायला गेलो, इतके सुंदर. डीनसाहेब तर बेहद्द खूश झाले. कॉलेजात बाहेरचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यासाठी शम्साचा आणि नकाशाचा फोटो असलेला मोठा फलक करायला दिला. बाईंनी फक्त सही करायची होती.

बाईंनी पहिला कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग दुसरा. चौदाही झाल्यावर त्यांनी मला दार लोटायला सांगितलं.

"शम्सा कोणत्या हाताने लिहिते?"

मी अर्ज भरताना तिला पाहिलं होतं. "उजव्या."

"लाकडाची कापलेली बाजू दाखवायला या बारीक रेघोट्या मारल्यात ना, बघ. उजव्या हाताचा माणूस मारतो तेव्हा त्या वर उजवीकडे झुकतात. या सगळ्या डावीकडे झुकल्यात. आणि पेन्सिल पुसटली आहे तीसुद्धा डावरा हात कागदावरून सरकत जातो तशी." त्यांनी कागद ठेवला. "हे हिने काढलेलं नाही."

"असेल एखादी सवय," मी म्हणाले. मला शम्सा आवडायची.

"असेल. कशावरून?"

त्यांनी सही केली नाही. डीनसाहेबांनी फोन केला, मग स्वतः आले. रविवारपर्यंत सही हवी, असं बजावून गेले. त्या गुरुवारी दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "चल, गाडीत बस. सूरला जाऊन येऊ. घरी फोन कर."

मी गेले, पण मनात धाकधूक होती. मला साक्षीला नेताहेत की उद्या काही झालं तर माझ्यावर ढकलायला, अशी शंका आली. डोंगर मागे पडून डाव्या हाताला समुद्र सुरू झाला तरी बाई गप्पच होत्या. शेवटी मीच विचारलं, "बाई, पकडून काय मिळणार आहे?"

"पकडायला कोण चाललंय?" त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मग स्वतःहूनच सांगायला लागल्या. चौथीत असताना त्यांनी चित्रांच्या स्पर्धेसाठी बंदराचं चित्र काढलं होतं. गुरुजी म्हणाले, हे तुझ्या भावानं काढलेलं दिसतंय, आणि चित्र बाजूला ठेवलं. "भाऊ तेव्हा बोटीवर होता. महिनाभर घरी नव्हता. आमचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. गुरुजींनी येऊन विचारलं असतं तरी कळलं असतं. संशय घेतला म्हणून मला राग नाही आला गो. घ्यावा माणसाने संशय. पण मग उठून जाऊन बघावं. बसल्या जागी संशय घेणारा माणूस नुसता आळशी."

ही गोष्ट खरी होती की माझं तोंड बंद करायला त्यांनी तिथल्या तिथे रचली, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तर ती रचलेलीच आहे, असं मी धरून चालले होते.

शम्साचं घर खाडीच्या काठाला, पांढरं, बुटकं. आम्हाला दारात बघून शम्साचा चेहरा उतरला. आईने मात्र आत बोलावलं. ती आजारी होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. गालिच्यावर बसलो, खजूर आले, हलवा आला. शम्साची थोरली बहीण झुवैना काहवा, म्हणजे वेलची घातलेली कोरी कॉफी, घेऊन आली. सव्वीसएक वर्षांची, मान खाली घालून वावरणारी. तिने डाव्या हातात किटली धरून काहवा ओतायला सुरुवात केली आणि मी बाईंना कोपर मारलं. बाईंनी पुटपुटत मला गप्प केलं, "किटली डाव्या हातात, कप उजव्या. इथे सगळेच तसं करतात. एवढी वर्षं राहून बघितलं नाहीस?"

मग त्यांनी पिशवीतून नकाशाचा एक कागद काढून गालिच्यावर पसरला आणि शम्साला अरबीत विचारलं, "ही फासळी इथे अशी का वळवलीस? बाकीच्या सरळ चढतात, हिला मध्येच बाक आहे. चूक झाली का?"

शम्सा कागदाकडे बघत राहिली. "हो, चूक असेल," ती म्हणाली.

"चूक नाही." दाराजवळून आवाज आला. झुवैना बोलली होती आणि बोलल्यावर स्वतःच घाबरली होती. पण आता थांबणं तिला जमेना. ती पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. "लाकूडच तसं होतं. आजोबा लाकूड वाकवत नसत. हवा तसा बाक असलेली फांदी शोधत. हा बाक त्या झाडाचा आहे. मी मोजलाय."

बाईंनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल काढून तिच्यासमोर ठेवली. त्यांनी काही सांगितलं नाही, झुवैनानेही विचारलं नाही. तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि पुढची फासळी काढायला लागली. अर्धा तास ती काढत होती. मध्ये एकदा आई काहीतरी म्हणाली, तेही तिला ऐकू गेलं नाही.

शम्सा रडायला लागली. तिचं म्हणणं असं, की लिखाण सगळं माझं आहे, सुतारांशी बोलले मी, पुस्तकं वाचली मी, नकाशे तेवढे हिचे. दोघींनी मिळून केलंय. आणि ते खरंच होतं. झुवैना बारावी झाली त्याच वर्षी आई आजारी पडली. एकीने घरी राहायला हवं होतं. थोरली राहिली. आजोबा असेपर्यंत ती त्यांच्याबरोबर बांधणीच्या जागेवर जाऊन बसायची.

परतीच्या वाटेवर मी बाईंना विनवलं. "कोणाला कळणार आहे? डीनना सही हवी आहे, मुलीला जागा हवी आहे. चोरी तर केली नाही तिने."

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी लिहून दिलं, की प्रकल्पातले नकाशे विद्यार्थिनीचे नाहीत आणि तिने ते सांगितलेलं नाही. शम्साचं नाव बारांतून गेलं. डिप्लोमा तेवढा हाती राहिला, विद्यापीठ हुकलं. तयार झालेला फलक भिंतीकडे तोंड करून भांडारात ठेवला गेला. शम्सा माझ्या खिडकीशी येऊन तिचा नवा निकाल घेऊन गेली, माझ्याकडे न बघता. मला बाईंचा संताप आला. इतका, की मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षात आलं असणारच. त्या काही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या सत्रात चमत्कारिक गोष्टी दिसायला लागल्या. बाई दर गुरुवारी कॉलेज सुटायच्या दोन तास आधीच निघून जायच्या. कुठे ते सांगायच्या नाहीत. एकदा त्यांच्या गाडीत मला सूरच्या दुकानाचा हलव्याचा डबा दिसला, एकदा सुक्या मासळीची पिशवी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सूरला जाता का बाई?" तर म्हणाल्या, "कोण म्हणतं?" त्यातच त्यांनी प्रवेश समितीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कारण विचारलं तर "वैयक्तिक."

मी गणित मांडलं. आधी मुलीचं नाव कापायचं, मग तिच्या घरी जाऊन पाहुणचार घ्यायचा आणि मागल्या दाराने नाव परत आणायचं. किंवा खासगी शिकवणी. कॉलेजच्या व्हिसावर बाहेर शिकवायला मनाई असते. काहीतरी होतं खास.

असंच एकदा डीनसाहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही एकाच भागातल्या ना? कामाच्या वेळेत त्या कुठे जातात, जरा बघा. इन्शाल्ला, काही नसेलच. पण नोंद असलेली बरी." माझ्या नोकरीच्या नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. मी मात्र तो पाहिला.

मी फाटकावरच्या वहीतून बाईंच्या दहा गुरुवारांच्या वेळा उतरवल्या आणि तो कागद डीनसाहेबांना दिला. स्वतःच्या अक्षरात. त्या दिवशी घरी जाताना मला वाईट वाटलं नाही, हे सांगायला हवं. सिद्धान्त बाईंचाच आहे, असं मी मनाशी म्हणत होते. सगळ्यांवर संशय घ्यायचा, मग त्यांच्यावर का नाही?

सत्र संपताना बाईंचा करार वाढवला नाही. कारण दाखवलं ते ओमानीकरणाचं, म्हणजे त्या जागी आता स्थानिक माणूस नेमायचा. ते कारण खोटं म्हणता येत नाही. तशा जागा भरल्या जातच होत्या. माझ्या कागदाने काय केलं, काय नाही, हे मला कधीच कळलं नाही. डीनसाहेबांना विचारायची हिंमत झाली नाही.

सोडून जाणाऱ्याला एका फॉर्मवर सगळ्या विभागांच्या सह्या लागतात. ग्रंथालय झालं, प्रयोगशाळा झाली आणि बाई तो फॉर्म घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. मी सहीला पेन उचललं.

"तुझा कागद बघितला," त्या म्हणाल्या. "डीननी दाखवला. अक्षर ओळखलं मी."

मी पेन खाली ठेवलं.

"सहावा गुरुवार चुकलाय. त्या दिवशी मी गेले नव्हते. ताप होता, कॉलेजलाच आले नव्हते. फाटकावरच्याने सवयीने लिहिलं असणार." आवाजात राग नव्हता. विद्यार्थ्याची वही तपासताना असायचा तसाच आवाज. "आणि दर रविवारी मी दोन तास जास्त बसायचे. ते लिहिलं नाहीस. वहीत होतं ते."

"बाई, मला वाटलं..."

"मला विचारायचंस गो."

"विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत."

त्यांनी ओढणीची टाचणी सारखी केली. "हां. ते खरं," त्या म्हणाल्या. "सही कर. अजून दोन विभाग राहिलेत."

मी सही केली. त्यांनी फॉर्म घेतला आणि गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. विमानतळावर सोडायला जायचं मनात होतं, पण विमान कोणत्या दिवशी हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपून प्रवेश सुरू झाले तेव्हा एक दिवस खिडकीशी दोन मुली उभ्या राहिल्या. एक शम्सा. दुसरी झुवैना. झुवैनाने पायाभूत वर्गाची प्रवेश-परीक्षा दिली होती आणि तिचे गुण असे होते की तिला तो वर्गच करायची गरज नव्हती, सरळ डिप्लोम्याला बसता येत होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. आठ वर्षं शाळा सुटलेली, इंग्रजीचे चार शब्द न बोलणारी मुलगी.

"गणित, इंग्रजी कुठे शिकलीस?" मी विचारलं.

तिने बाईंचं नाव घेतलं आणि कचेरीत मान उंच करून शोधायला लागली. "कुठे आहेत त्या? त्यांनी सांगितलं होतं, निकाल लागला की आधी मला दाखव."

म्हणजे बाई सोडून गेल्याचं तिला माहीत नव्हतं. शम्साला माहीत होतं. तिने बहिणीला सांगितलं नव्हतं, निकाल हाती येईपर्यंत सांगू नको असं बाईंनीच बजावलं होतं. तेव्हा मला समजलं, की त्या दर गुरुवारी सूरला जाऊन या मुलीला शिकवत होत्या, कारण आईला सोडून तिला येता येत नव्हतं. आणि जिला आपण शिकवतोय तिच्या प्रवेशात आपला हात नको, म्हणून समिती सोडली होती.

आता घरी शम्सा राहणार होती. तिला सूरमध्येच नोकरी लागली होती. झुवैना फॉर्म भरायला बाजूच्या टेबलावर गेली तेव्हा मी शम्साला हळूच म्हणाले, "बाईंवर राग नाही ना तुझा?"

"आहे," ती म्हणाली. "त्यांनी केलं ते बरोबर होतं. पण राग आहे. तुम्हाला काय वाटलं?"

झुवैनाचा फॉर्म मीच लिहून पुरा केला. तिचा बारावीचा मूळ दाखला नकलेवर शिक्का मारायला ठेवून घेतला होता, तो परत द्यायचा राहिला. झुवैनाला कॉलेजातच बोलावून देता आला असता. दोन आठवड्यांनी एका गुरुवारी मी नवऱ्याला म्हटलं, सूरला जाऊ या. तो म्हणाला, एका कागदासाठी? मी म्हटलं, हो.

शम्सा कामावरून आणि झुवैना मस्कतच्या बसने यायच्या होत्या. घरात आई एकटीच होती. माझं अरबी बेताचंच, तिला हिंदीचे काही शब्द येत. नवऱ्याला तिने बाहेरच्या बैठकीत बसवलं आणि मला आत नेलं. मी दाखला तिच्या हातात दिला. तिने बाईंची खुशाली विचारली. मी सांगितलं, मला ठाऊक नाही, फोन केला होता, नंबर बंद लागतो. तिने मान हलवली. मग तिने मला हाताला धरून खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेलं. तिथे गालिच्यावर एक लोड होता.

"इथे," ती म्हणाली. दोन्ही तळवे जोडून तिने गालाखाली धरले. जेवण झालं की बाई इथे आडव्या व्हायच्या. पंधरा मिनिटं. ओढणीची टाचणी काढून त्या इथे चौकटीवर ठेवायच्या आणि लगेच झोप लागायची, लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. झुवैना वही घेऊन बाजूला बसून राहायची, त्या जाग्या होईपर्यंत पान उलटायची नाही. आवाज होईल म्हणून.

मी त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिले. आई वाकली, लोडावरची सुरकुती हाताने सारखी केली आणि मला खुणेने म्हणाली, बस ना.